नाही म्हणणारा संगणक

मित्रांनो, माझं खोकं पिवळं पडलंय, पंखा कण्हतो आणि ऑफिसात सगळे मला डबडं म्हणतात. खुशाल म्हणोत. मी जुना संगणक असलो, तरी माझ्या होकाराशिवाय इथून काहीही बाहेर जात नाही.

माझी उमेदीची वर्षं मूल नावाच्या गावातल्या एका राईस मिलमध्ये गेली. नाकातोंडात कोंडा गेला, तशी मालकाने अडगळीत टाकलं. लटारूभाऊंनी मला उचललं, पुसलं आणि आपल्या ऑफिसात आणलं. जंगलातल्या गावांतल्या आशाताई ज्या मोबाईल ॲपवर रुग्णांच्या नोंदी करतात, ते ॲप इथे तयार होतं. खुशबू ते बनवायची, लटारूभाऊ ते चालतं ठेवायचे. मध्ये भिंत. खुशबू काम पलीकडे ढकलून मोकळी व्हायची आणि बिघडलं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवायचे.

एका बुधवारी तिने नवं ॲप सगळ्यांच्या फोनवर सोडलं. आठ दिवसांनी नीलाबाई नावाच्या आशाताई थेट दारात उभ्या राहिल्या. कोणाला कधी गोळ्या द्यायच्या, या त्यांच्या साऱ्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या.

"माह्या गावची सिकलसेलची पोरगी आठ दिवस गोळ्यांबिना तडफडली. कोनं केलं हे?"

"माह्या मशीनवर तर चालत होतं," खुशबू पुटपुटली.

लटारूभाऊ म्हणाले, "बुधवारी बाजार रायते. साऱ्या बाया हप्त्याभराच्या न पाठवलेल्या नोंदी घेऊन रेंजमधी येतेत, अन् तेवढ्यातच नवं ॲप फोनात शिरते. त्याच दिवशी काऊन सोडलं? मले कोनी इचारलंच नाई."

खुशबू ऊर्जानगरात, वीज केंद्राच्या वसाहतीत वाढलेली. रेंज नसलेलं गाव तिने पाहिलंच नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"चूक माही आहे, भाऊ. आता दोघं मिळून पाहू."

त्याच आठवड्यात दोघांची टेबलं एकत्र आली. शहरात याला डेव्हऑप्स म्हणतात. बनवणाऱ्याने आणि चालवणाऱ्याने मिळून जबाबदारी घ्यायची, एवढीच त्यातली मेख. बदल लहान लहान सोडायचे, बिघडलं तर जुनं ॲप लगेच परत आणायचं, आणि माणसाला सुळावर न चढवता चूक शोधायची. प्रत्येक बदल आधी मी तपासायचा. आठ दिवस रेंज नसलेला फोन कसा वागतो, हे लटारूभाऊंनीच मला शिकवलं.

परवा आमचे साहेब, विनोद सर, पाहुण्यांना नवं ॲप दाखवायला उतावीळ झाले होते. मी तपासलं आणि पडद्यावर लाल खूण दाखवली.

"त्या डबड्याले बाजूले करा अन् सोडा!" सर कडाडले.

खुशबू उठून माझ्यापुढे उभी राहिली. "नाई सर. हा लाल आहे तोवर काईच जानार नाई. नोंदी बुडाल्या तर नीलाबाईले तोंड तुमी दाखवान का?"

पाहुणे चहा पिऊन तसेच गेले. सर पाय आपटत निघून गेले. दुपारी दोष सापडला. रेंज गेली की नोंदी पुन्हा पुसल्या जाणार होत्या.

मित्रांनो, मला हारतुरे नकोत. माझी धूळ पुसा, मला नवं नवं शिकवा, आणि मी अडवलं तर चिडा, पण ऐका. जंगलातल्या त्या पोरीच्या गोळ्या चुकणार असतील, तर साहेबांचा साहेब आला तरी मी नाहीच म्हणेन.