शिंप्याच्या बायकोचा ओटा

शिंप्याच्या स्वयंपाकघरातला नवा ओटा त्याच्या बायकोच्या छातीला लागला आणि तिथून भांडणाला तोंड फुटलं. गवंड्याचे उरलेले पैसे द्यायचे नाहीत, असं शिंप्यानं जाहीर केलं. तेवढ्यावर थांबला असता तरी गवंड्यानं राग गिळला असता. पण हा बाबा दुकानात येईल त्याला सांगत सुटला, "आमच्याकडं चहासुद्धा शिडी लावून होतो." गाव हसलं, आणि महिन्याभरात गवंड्याची दोन कामं हातची गेली. तीस वर्षं जपलेलं नाव असं हसण्यावारी गेलेलं त्याला सोसेना. त्यानं छोट्या दाव्यांच्या कोर्टात अर्ज ठोकला.

तारखेला तो आपला ठेवणीतला सदरा घालून गेला. सदरा शिंप्यानंच शिवलेला होता आणि अंगावर अगदी चपखल बसला होता. त्याचंच त्याला जास्त वाईट वाटत होतं.

"ओट्याचं माप कोणी घेतलं?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"यांनीच," गवंडी म्हणाला. "मी टेप काढला तर म्हणतात, मापाचं तू मला शिकवू नकोस. वहिनींना उभं केलं, कमरेपासून जमिनीपर्यंत टेप सोडला आणि छत्तीस इंच म्हणाले. मी छत्तीसचा बांधला."

"छत्तीस मी कशाला सांगेन?" शिंपी उसळला. "आजवर माझं माप चुकलेलं नाही, बाई."

"मग आत्ता घ्या."

शिंप्यानं बायकोच्या कमरेला टेप लावला, खाली वाकून बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "तीस," तो पुटपुटला.

"वहिनी सहा इंच आटल्या वाटतं," मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं.

इतका वेळ गप्प असलेली शिंप्याची बायको तेव्हा बोलली. "त्या दिवशी जमीन ओली होती. पाय उमटू नयेत म्हणून मी दोन विटा एकावर एक ठेवून वर उभी होते. साडीच्या घोळात त्या झाकल्या गेल्या."

"अगं, मग तेव्हाच बोलायचं ना!"

"माप घेताना हलायचं नाही, बोलायचं नाही, असं दुकानात तुम्हीच सगळ्यांवर खेकसता."

न्यायाधीशबाईंनी तोंडासमोर फाईल धरली. गवंडी मात्र हसला नाही. त्याला आठवलं आणि तो उठून उभा राहिला. "बाई, त्या विटा मीच दिल्या होत्या. देऊन माल कालवायला वळलो, ते माझ्याही ध्यानात राहिलं नाही."

निकाल गवंड्याच्या बाजूनं लागला. पैसे मिळाले, पण मन खात होतं. दुसऱ्या दिवशी तो न बोलावता थापी आणि विटा घेऊन शिंप्याच्या घरी गेला आणि ओट्यापुढं लांब पायरी मांडायला बसला. शिंप्याचा हात सवयीनं गळ्यातल्या टेपकडं गेला. गवंड्यानं आणि बायकोनं त्याच्याकडं बघितलं, तसा त्यानं हात खाली घेतला.

"वहिनी, चढा," गवंडी म्हणाला. "आणि या खेपेला बोला."

ती पायरीवर चढली. ओट्यावर दोन्ही हात टेकवून जरा उभी राहिली.

"छान झालंय," ती म्हणाली. मग नवऱ्याकडं वळली. "आता दुकानात बसाल, तर हेही येईल त्याला सांगा."