नाझियाचा पिठाचा डबा

पाटसच्या कारखान्याच्या चाळीत कुणाकडे नवी वस्तू आली, तर ती आधी देवापुढे ठेवायची की गिताबाईंपुढे, असं बायका थट्टेनं विचारत. सोड्याच्या बाटलीत गोटी गेली कशी, पंख्याचं बटण फिरवलं की पाती हळू का होतात, थर्मासमधला चहा गार का पडत नाही, हे सगळं गिताबाईंना कळायलाच हवं असे. थर्मासचं उत्तर शोधताना आतली काच फुटली, तेव्हापासून त्यांचा नवरा म्हस्कू घरातल्या नव्या वस्तू फळीवर उंच ठेवायला लागला. म्हस्कू कारखान्याच्या गेटवर वॉचमन होता. तो म्हणायचा, "मेंढरं इकून ईस वरसं झाली, पर हिची नजर अजून बी कुंपणापल्याडच्या पाल्यावरच."

गिताबाई त्यावर नुसत्या हसत. जित्याची खोड, ती का अशी जाते? लहानपणी कळपामागं फिरताना वाटेत एक शाळा लागायची. आत हजेरी चाललेली असायची, पोरं एकामागून एक "हजर" म्हणायची, आणि ही पोर खिडकीखाली उभी राहून ऐकायची. तेवढ्यात बापाची हाक यायची आणि कळप पुढे निघायचा. गिताबाईंची शाळा झाली ती एवढीच.

पण पिठाच्या बाबतीत मात्र चाळीत त्यांचा शब्द शेवटचा होता. थालीपिठाची भाजणी करायची म्हटलं की बायका धान्य घेऊन त्यांच्या दारात. बाजरी किती भाजायची, डाळ कढईतून कधी उतरवायची, हे गिताबाई नाकानं सांगत. त्यांच्या हातची भाजणी वर्षभर राहिली तरी तिला किडा लागत नसे, आणि याचा त्यांना चांगलाच अभिमान होता.

अठ्ठ्याण्णव साली शेजारच्या खोलीत नाझिया राहायला आली. तिचा नवरा इनुस कारखान्यात फिटर. नाझिया दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, बारावी पास, बोलायला गोड. तिच्याकडे डालड्याचा एक जुना मोठा डबा होता आणि त्यात पांढरं पीठ होतं. गिताबाईंनी ते पहिल्याच आठवड्यात हेरलं. त्याच पिठात दूध घालून नाझिया धिरडी करायची, ती अशी जाळीदार की गिताबाईंनी एक धिरडं उजेडात धरून पाहिलं. त्याच पिठात तूप-साखर मळून ती बिस्किटं थापायची आणि पत्र्यावर मांडून बेकरीत भाजायला पाठवायची. आणि त्याच पिठाचा केक ती कुकरमध्ये करायची. तळाला वाळू, झाकणाचं रबर काढलेलं, शिट्टी काढलेली. म्हणजे कुकरचा कुकरपणाच काढून घेतलेला, आणि आत केक टम्म फुगलेला.

"हे आमच्या भाजणीसारखंच की," गिताबाई म्हणाल्या. "एक पीठ, धा परकार. पर हे फुगतं कशानं?"

"बेकिंग पावडरनं, मावशी."

"ती काय करती?"

"फुगवती."

"आगं व्हय, पर कशी?"

नाझिया हसायला लागली. "ते रोझीआंटीला बी सांगता यायचं न्हाई." रोझीआंटी म्हणजे तिची दौंडची शेजारीण. नाताळात ती अख्ख्या क्वार्टरला केक वाटायची. हे पीठ नाझिया तिच्याकडूनच शिकली होती. पिठात काय काय आहे ते तिनं गिताबाईंना कधीच सांगून टाकलं होतं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. पण काय आहे ते कळलं म्हणून गिताबाईंचं समाधान होत नव्हतं. त्यांना त्या फुगण्याचं मूळ हवं होतं.

श्रावणात चाळीच्या महिला मंडळानं ठरवलं की हॉलमध्ये बायकांसाठी कसला तरी वर्ग सुरू करायचा. मंडळाच्या अध्यक्ष हर्षदाताई म्हणजे कारखान्यातल्या इंजिनिअरसाहेबांच्या मिसेस. त्यांनी नाझियाचा केक खाल्ला होता. त्या म्हणाल्या, "रविवारी सगळ्यांसमोर करून दाखव. बायकांना पटलं तर वर्ग तुझा." लोणच्या-पापडाच्या वर्गावर डोळा ठेवून बसलेल्या पार्वतीबाईंना हे काही रुचलं नाही. "बेकरी हाय की ष्टॅंडावर," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी नाझिया गिताबाईंच्या उंबऱ्यावर येऊन बसली. मग म्हणाली, "मावशी, हसू नका. मला मास्तरीण व्हायचं हुतं. बारावीनंतर लग्न झालं आन् ते ऱ्हाऊनच गेलं. कुणी मला एकदा तरी मॅडम म्हणावं, असं लई वाटतं." गिताबाई हसल्या नाहीत. त्यांना ती पोर फार आवडली त्या क्षणी.

पण सोमवारीच दौंडहून निरोप आला. नाझियाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. नाझियानं ताजं पीठ करून डबा भरून ठेवला होता. तिच्या भिंतीला ओल होती, म्हणून तो डबा तिनं गिताबाईंच्या फळीवर आणून ठेवला. "रविवारी मी एष्टीतनं थेट हॉलवरच येते. तुम्ही येताना डबा घेऊन या. तवर उघडू नका मावशी, दमट हवा हाय."

"म्या कशाला उघडतीया," गिताबाई म्हणाल्या, आणि तेव्हा त्यांना तसं खरंच वाटत होतं.

सोमवार गेला, मंगळवार, बुधवार गेला. गुरुवारी त्यांनी डबा खाली घेतला, वरून पुसला आणि परत ठेवला. शुक्रवारी दुपारी म्हस्कू ड्यूटीवर गेला आणि गिताबाईंनी झाकण काढलं. पीठ चिमटीत घेऊन पाहिलं. डालडा चोळल्यानं ते रव्यासारखं कणीदार झालं होतं. जिभेवर ठेवलं तर आधी दुधाळ, मग जराशी झिणझिण. ही झिणझिणच मूळ असणार, असं त्यांना वाटलं. नंतर नीट बघता यावं म्हणून त्यांनी मूठभर पीठ फडक्यात बांधून पुरचुंडी केली आणि कमरेला खोचली. आणि झाकण लावणार, तेवढ्यात पिठातून एक सोंडकिडा चालत निघाला.

आणखी दोन दिवसांत डबाभर किडे व्हायचे, आणि पार्वतीबाईंसमोर नाझियानं तो डबा उघडायचा. कच्चं पीठ साठवतं का कुणी? पोर शहाणी असली तरी अजून लहानच. गिताबाईंनी पीठ चाळलं, मोठी कढई चढवली आणि मंद आचेवर भाजायला घेतलं. रंग बदलू द्यायचा नाही आणि किड्याला जागा ठेवायची नाही, हीच तर त्यांची हातोटी. पीठ तापलं तसं कढईत किंचित हललं, झोपलेल्या माणसाची छाती हलावी तसं, आणि परत बसलं. गिताबाई बघतच राहिल्या. असं काही भाजणीत कधी पाहिलं नव्हतं. पण वास असा खमंग सुटला की तो विचार मागं पडला. पीठ गार करून त्यांनी डब्यात भरलं, आणि आपण पोरीचं काम राखलं या समाधानात रात्री गाढ झोपल्या.

रविवारी हॉलमध्ये तीसेक बायका जमल्या. नाझियाची एसटी कुरकुंभजवळ पंक्चर झाली होती, त्यामुळे ती घामाघूम होऊन पोहोचली. डबा उघडून तिनं घाईघाईनं पीठ मापलं. मंडळात माळकरी बायका होत्या, म्हणून केक बिनअंड्याचा. साखर, दूध, पीठ, तीन मिनिटांत भांडं कुकरमध्ये गेलंसुद्धा. केक होईस्तोवर तिनं ते पीठच करून दाखवायला घेतलं. चार वाट्या मैदा तीनदा चाळला, त्यात चार चहाचे चमचे बेकिंग पावडर, थोडं मीठ, मूठभर दूध पावडर आणि अर्धी वाटी डालडा बोटांच्या टोकांनी चोळला. "तळहात लावायचा न्हाई, हाताच्या गरमीनं डालडा पाघळतो." बोलताना तिचा आवाज हळूहळू मोकळा होत गेला. बायका पुढे सरकल्या. हर्षदाताई वहीत लिहून घेत होत्या. शेवटच्या रांगेत बसलेल्या गिताबाईंना वाटलं, ही तर जन्माची मास्तरीण.

चाळीस मिनिटांनी कुकर उघडला. भांड्याच्या तळाशी भाकरीएवढ्या जाडीचा एक घट्ट, पिवळट थर बसला होता.

नाझियानं त्यात चाकू खुपसून पाहिला, काढला, परत खुपसला. "माझंच कायतरी चुकलं," ती म्हणाली. "असं कधी व्हत न्हाई." तिचा चेहरा पडला होता. पार्वतीबाई शेजारणीला म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "केक म्हंजी भाकरीच व्हय? ती येती की आम्हाला." दोघीतिघी हसल्या. हर्षदाताईंनी वही मिटली.

आणि गिताबाईंना कढईत हललेलं पीठ आठवलं. फुगायचं जे होतं ते तिथंच फुगून गेलं होतं.

कुणाला काही ठाऊक नव्हतं. डबा उघडलेला कुणी पाहिला नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बसलं तर गिताबाई त्याच गिताबाई राहणार होत्या, ज्यांना सगळी चाळ पिठातलं विचारते. नाझिया दोन दिवस रडली असती आणि मग सारं विसरलं गेलं असतं. पण समोर ती पोर चाकू हातात घेऊन उभी होती आणि स्वतःचीच चूक शोधत होती, न केलेली चूक. गिताबाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्यांनी हात वर केला. शाळेत पोरं करतात तसा, सरळ.

"म्याडम," त्या म्हणाल्या, "एक इचारू का?"

नाझियानं आधी मागं वळून पाहिलं. हाक आपल्याला आहे हे तिला कळायला वेळ लागला. हॉलमधल्या बायकांनीही माना वळवल्या, कारण साठीला आलेल्या गिताबाईंनी कुणाला म्याडम म्हटलेलं चाळीनं कधी ऐकलं नव्हतं.

"हे पीठ कुणी भाजून ठिवलं, तर काय हुतं?"

नाझियानं डब्यात हात घातला. पीठ नाकाशी नेलं. मग गिताबाईंकडे पाहिलं. "तुम्ही भाजलं, मावशी?"

"व्हय. किडा दिसला म्हून भाजलं. पर डबा उघडला त्यो किड्यासाठी न्हाई. ऱ्हाववलं न्हाई म्हून उघडला. तू नगं म्हणली हुतीस."

नाझियाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते रागाचंच होतं. "मी सांगितलं हुतं, मावशी," एवढंच ती म्हणाली. गिताबाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. पार्वतीबाई काहीतरी पुटपुटल्या, "हिला पिठातलं कळतं म्हणं." ते गिताबाईंनी ऐकून घेतलं. मग कमरेची पुरचुंडी सोडून त्या पुढे गेल्या आणि टेबलावर ठेवली.

"हे बिनभाजलेलं हाय. बघायला ठिवलं हुतं."

नाझिया त्या पुरचुंडीकडे बघत राहिली. मग तिनं डोळे पुसले आणि दोन काचेचे ग्लास मागवले. दोन्हींत कढत पाणी ओतलं. एकात डब्यातलं पीठ टाकलं, ते गुमान तळाशी जाऊन बसलं. दुसऱ्यात पुरचुंडीतलं टाकलं. पाणी फसफसलं, बारीक बुडबुडे काठापर्यंत चढून आले.

"बघा," नाझिया म्हणाली, आणि तिचा आवाज परत सापडला होता. "फुगायची ताकद एकदाच मिळती. ओल आन् गरमी लागली की निघून जाती. ती केकमधी निघाय पायजे, कढईत न्हाई. म्हंजी हे पीठ भाजायचं न्हाई, उनात ठेवायचं न्हाई, घट्ट झाकणात, कोरडं. किड्याची भीती असली तर थोडंच करायचं आन् लवकर संपवायचं." मग डब्याकडे बघून म्हणाली, "हे मला बी आत्ताच कळलं."

परातीतल्या ताज्या पिठाचा दुसरा केक कुकरमध्ये गेला. पुढची चाळीस मिनिटं एकही बाई उठली नाही. पार्वतीबाईंनी तर दोनदा ग्लासात पीठ टाकून पाहिलं.

वर्ग भाद्रपदात सुरू झाला. पहिल्या दिवशी हर्षदाताईंनी नाझियाच्या हातात हजेरीचं पुस्तक दिलं. तिनं ते उघडलं, पानावरून हात फिरवला आणि पहिलं नाव वाचलं, "गिताबाई म्हस्कू महानवर."

पहिल्या रांगेत बसलेल्या गिताबाई उठून उभ्या राहिल्या. उठायची काही गरज नव्हती, पण त्या उठल्या.

"हजर," त्या म्हणाल्या. मग खाली बसता बसता परत सरळ झाल्या. "आन् म्याडम, त्या बुडबुड्यात आत काय असतं?"