कपाळावरचा घाम

“सिस्टर, आर्टरी.”

रक्तवाहिनी धरायचा तो चिमटा ऑपरेशन करणाऱ्या सरांच्या तळव्यावर ठेवताना सिस्टरच्या छातीत जाळ उठला. मानेवरून चढत तो कानांपर्यंत गेला. समोर पेशंटचं पोट उघडलेलं, डोक्यावर दिवा, अंगावर पायघोळ गाऊन. निर्जंतुक हातमोज्यांतले हात कपाळाला लावायची सोय नव्हती.

मागच्या आठवड्यात असाच जाळ उठला, तेव्हा ती ऑपरेशन अर्ध्यात सोडून बाहेर पळाली होती. दुसरी नर्स तयार होईपर्यंत सर खोळंबून राहिले. मेट्रनने तिला खोलीत बोलावलं. “पुन्हा असं झालं, तर खाली स्टोअरला बसा चादरींच्या घड्या घालत. पेशंटच्या जिवाशी खेळ नको.”

उभी नोकरी या टेबलाशी गेली होती. आणि आता चादरी!

घरी नवऱ्याची वेगळीच तऱ्हा. “पंखा पाचवर आणि मी दोन पांघरुणांत. अगं, एके दिवशी बर्फ होईल माझा!” त्यानेच मागे लागून तिला समुपदेशन करणाऱ्या बाईंकडे धाडलं.

“गोळी नाही, इंजेक्शन नाही, नुसतं बोलायचं?” ती कुरकुरली.

“घाम मला थांबवता येणार नाही,” बाई म्हणाल्या. “पण तो आला की तुमच्या मनात काय येतं?”

“आता मी पडणार. सगळे म्हणणार, म्हातारी संपली.”

“कधी पडलात?”

“नाही.”

“संपली असं कोण म्हणालं?”

“तोंडावर कोण म्हणेल?”

“मग तपासून बघा. पळू नका. पोटातून सावकाश श्वास घ्या. आणि जे लपवता, ते एकदा मोठ्याने बोला. बघू काय होतं.”

बोलायला बाईंचं काय जातं! इथे ऑपरेशनच्या टेबलाशी, पुरुषांच्या घोळक्यात उभं राहायचं होतं.

तिने श्वास लांबवला. जाळ काही कमी होईना. आता पडणार, मन म्हणालं. तिने पायांकडे लक्ष दिलं. पाय घट्ट होते. पण घामाचा थेंब भुवईपर्यंत आला होता, आणि खाली जखम उघडी होती. तिची नजर दाराकडे गेली.

इतक्यात थिएटरमध्ये वरकाम करणारी मावशी मागून आली आणि तिने सरांचं कपाळ टिपलं. सरांनी नुसती मान वळवली, रोजच्यासारखी.

सिस्टर टेबलापासून मागे सरकली. “मावशी,” तिचा आवाज चिरकला, “माझाही घाम पुसा.”

सरांचा हात थांबला. “बरं वाटत नाही? दुसरं कोणी बोलावू?”

हो म्हटलं की संपलं.

“नको. पाळी जातेय माझी, त्याचा घाम येतो. हात ठीक आहेत.”

भूल देणारे डॉक्टर मशीनकडे बघत राहिले.

“अगं बाई! आधी नाही का सांगायचं?” मावशी पुटपुटली. “मीपण गेलेय ह्यातून. वळव तोंड इकडे.”

थेंब कापडात जिरला.

“आत पडला असता तर?” सर करड्या आवाजात म्हणाले.

“म्हणूनच सांगितलं.”

सरांनी तिच्या हातांकडे पाहिलं. ते थरथरत नव्हते. त्यांनी तळवा पुढे केला. “कात्री.”

कात्री तिने आधीच उचलली होती.

टाके सुरू झाले तेव्हा जाळ पुन्हा उठला. तिने दाराकडे पाहिलं नाही. मावशी सरांच्या मागे परत गेलीच नव्हती. कापडाची कोरी घडी हातात धरून, शेवटचा टाका पडेपर्यंत, ती टेबलापासून जरा मागे, दोघांच्या मधोमध उभी राहिली.