मयुरीचं रक्त

रविवारी सकाळी रुख्माबाईनं फळीवरची पितळी भांडी दुसऱ्यांदा पुसली. शहराच्या कडेला, वाडीत, मालाच्या गोदामांमागच्या गल्लीत, भाड्याच्या दोन खोल्यांत तिचा संसार होता. दारासमोर कायम ट्रकांची रांग. गोदामात नंबर लागेपर्यंत ड्रायव्हर इंजिन बंद करत नसत. पुसलेल्या भांड्यावर थोड्याच वेळात काळा थर बसे, आणि त्याची तिला इतकी सवय झाली होती, की तक्रार करायचंही सुचत नसे.

आज मात्र घर स्वच्छ दिसायला हवं होतं. कृष्णकांत आपल्या मुलासाठी तिच्या लेकीला, मयुरीला, मागणी घालायला येणार होता. त्याचे आजोबा आणि रुख्माबाईच्या नवऱ्याचे, बाबनरावांचे आजोबा उमरेडला एकाच ओळीत हातमागावर बसत. आता बाबनराव गोदामात हमालांवर देखरेख करत होते आणि तिथला बराच माल कृष्णकांतच्या ट्रकांतून येत होता. तो स्वतः शहराच्या दुसऱ्या टोकाला, झाडांच्या कॉलनीत राही. मुलगा पियुष मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला.

काळजी एकच होती. काही दिवसांपूर्वी डॉक्टरांच्या पथकानं गल्लीतल्या लोकांचं रक्त तपासलं होतं, नळीत फुंकायला लावून छातीचा दम मोजला होता. घरोघरी जाऊन बायकांना तपासणीला आणलं ते मयुरीनंच. मग डॉक्टरांनी समाजभवनात सगळ्यांना बसवून समजावलं, की इथल्या लोकांच्या रक्तात सुजेची खूण जास्त आहे. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही, आईबापांकडून येत नाही. पण हाच धूर रोज आत जात राहिला तर काळीज आणि फुप्फुसं खचतील. लोकांनी त्यातलं एवढंच उचललं, की गल्लीचं रक्त खराब निघालं. बाया मयुरीवर उलटल्या. शेजारच्या सिंधूताईनं नळावर सगळ्यांदेखत तिला विचारलं, की आता आमच्या पोरी उजवायच्या कशा.

बाबनरावांनी बायकोला बजावून ठेवलं होतं. कोणी विचारलंच तर सांगायचं, पोरगी उमरेडला मामाकडे वाढली, इथं फारशी राहिलीच नाही. रुख्माबाईनं मान हलवली होती.

पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. मग पियुषच्या आईनं, तुळसाबाईनं, विषय काढला.

"या गल्लीतल्या पोरींचं रक्त खराब निघालं म्हणते लोक. तुमच्या मयुरीचं काय?"

बाबनरावांनी ठरलेलं उत्तर दिलं. तुळसाबाईनं रुख्माबाईकडे पाहिलं. हो, मामाकडेच होती, असं रुख्माबाईही म्हणाली. बोलताना तिला लेकीकडे बघवलं नाही.

"मी इथंच होती," मयुरी म्हणाली. "माह्यंही रक्त तपासलं. सूज आहे. जिना चढताना दम लागते मले."

पियुष मोबाइल चाळत राहिला. तुळसाबाईनं कप खाली ठेवला. असली नासकी पोरगी घरात आणून पुढची पिढी बुडवायची का, असं तिनं नवऱ्यालाच विचारलं, पण मयुरीला ऐकू जाईल अशा आवाजात. कृष्णकांतचा आवाज मात्र चढला नाही. त्यानं तोडगा सांगितला. डॉक्टर ट्रकांची ही रांग इथून हलवा म्हणून सरकारला कळवणार आहेत. मयुरीनं समाजभवनात उभं राहून सांगावं, की तपासणी खोटी होती, डॉक्टरांना पुन्हा गल्लीत घेऊ नका. एवढं केलं तर लग्नाचं पाहता येईल.

बाबनराव लगेच हो म्हणाले. त्यांची नोकरी याच माणसाच्या शब्दावर टिकून होती.

रुख्माबाई उठून उभी राहिली.

"भाऊ, गाड्या तुमच्या. त्याईचा धूर माह्या घरात येते अन् कमाई तुमच्या घरात जाते. तोच धूर खाऊन माही पोरगी लहानाची मोठी झाली, अन् नासकी तीच काहून? आत्ता मी तुमच्यासाठी खोटं बोलली. आता नाही बोलत. तुमचं घर नाही पाहिजे माह्या पोरीले. उठा तुमी."

त्याच आठवड्यात बाबनरावांना कामावरून काढलं. ते बायकोशी बोलेनासे झाले. भिंतीकडे तोंड करून जेवत. डॉक्टर पुन्हा आले तेव्हा रुख्माबाई दारोदार फिरली. काहींनी तिला पाहून कडी लावली. काहींनी उंबऱ्यातूनच सुनावलं, की स्वतःच्या पोरीचं वाटोळं केलं, आता आमच्या पोरींवर उठली. त्या दिवशी रक्त दिलं ते फक्त दोघी मायलेकींनी. आणि कृष्णकांतचे ट्रक आता मुद्दाम तिच्याच दाराशी थांबू लागले.

एका सकाळी धुराचा लोट थेट चुलीपर्यंत आला. मयुरी खोकत खाली बसली. रुख्माबाई बाहेर गेली, ट्रकच्या पुढ्यात उभी राहिली आणि इंजिन बंद कर म्हणाली.

"मालिक को बोलो," ड्रायव्हर म्हणाला आणि त्यानं हॉर्नवर हात दाबून धरला.

ती हलली नाही. दारंखिडक्यांत माणसं जमली. कुणीतरी हसलं. हिला वेड लागलं, असं सिंधूताई मोठ्यानं म्हणाली. बाबनराव उंबऱ्यापर्यंत आले आणि परत आत गेले. मयुरी मात्र तोंडाला ओढणी लावून आईच्या शेजारी येऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं गाडी हातभर पुढे आणली. दोघी तिथंच. शेवटी त्यानं शिवी हासडून चावी फिरवली.

आवाज थांबला तसा सिंधूताईच्या घरातून तिच्या नातीचा खोकला ऐकू आला. कोरडा, एकावर एक, श्वास घेऊ न देणारा. इंजिनांच्या घरघरीत तो आजवर कुणाला ऐकूच आला नव्हता. सिंधूताईनं एकदा रुख्माबाईकडे पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

रांगेत मागे, लांबवर, दुसरा ट्रक सुरूच होता. रुख्माबाई त्याच्याकडे चालू लागली.