लाल चौकोन

नवरा सुजित वारला त्या वर्षी नूतनच्या शेतात वाल ठिगळाठिगळांनी उगवला. आगरदांड्यामागच्या डोंगराला टेकलेलं ते शेत. भात कसंतरी पिकायचं, पण भातानंतर पेरलेला वाल एका जागी गुडघाभर, तर चार पावलांवर पिवळा पडून खुरटलेला. बियाणं वाईट, असं सगळे म्हणाले. नूतनने दोन्हीकडची रोपं उपटून पाहिली. चांगल्या रोपाच्या मुळांना गाठी होत्या, खुरटलेल्याच्या मुळांना एकही नव्हती.

"जमीन आंबट आहे ताई," कृषी सहायक रुचिका म्हणाली. "पण सगळीकडे सारखी नाही. एका जागेची माती तपासून कळायचं नाही."

मग नूतनने सुंभ ताणून शेताचे छत्तीस चौकोन पाडले. प्रत्येकातली वीतभर खोल माती सावलीत सुकवली, चिठ्ठी घालून पुड्या बांधल्या, तालुक्याला तपासायला नेल्या. आकडे आले तसा कागदावर नकाशा रंगवला. फार आंबट तो चौकोन लाल, मधला पिवळा, बरा तो हिरवा.

दिघी बंदरात नोकरीला असलेला तिचा दीर दत्तात्रेय हसला. "वहिनीनं शेताला शाळेत घातलंय."

नूतनही हसली. नकाशाचा फोटो तिने हौसेने त्यालाही पाठवला.

आंबटपणा मारायला तीन वर्षं ती डोक्यावरून चुना वाहत होती. लाल चौकोनाला दोन पाट्या, पिवळ्याला एक, हिरव्याला चिमूटभरही नाही. दर साली पुन्हा माती तपासायची, पुन्हा रंगवायचं. चढ चढवेना म्हणून सुरुवात खालून केली. खालचं अर्धं शेत हिरवं झालं आणि तिथला वाल बघायला माणसं बांधावर थांबू लागली. वरचं अर्धं अजून लालच होतं.

त्याच वर्षी दत्तात्रेयाने वाटणी मागितली.

ओटीवर भावकीतले वडीलधारे गुणाजीकाका आणि गावातले दोघे बसले. दत्तात्रेयाने मोबाइलमधला नकाशा पुढे केला. "खालचं मला द्या, वरचं वहिनीला. आंबट जमीन सुधारायचं तिलाच जमतं. माझ्याकडं आली तर तशीच पडून राहील."

"बरोबर बोलतोय," गुणाजीकाका म्हणाले. "पोरीच्या हाताला गुण हाय. वरचंबी सोनं करील."

"तीन वर्षं चुना मी वाहिलाय, काका."

"म्हणून तर!"

सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत होते. भांडायला तोंड उघडावं तर आपलीच स्तुती आपणच खोडावी लागणार होती. नूतनने सही केली.

दत्तात्रेयाने पुढे चुन्याची पाटी उचलली नाही. नुसता युरिया फेकला, माती पुन्हा आंबट होत गेली. तिसऱ्या हिवाळ्यात त्याचा वाल पिवळा पडला, तेव्हा तो वर चढून आला.

"वहिनी, कुठं किती चुना टाकू?"

"मोबाइलात हाय की नकाशा."

"तो जुना झाला. तू एकदा माती बघ ना."

तिला सगळं दिसत होतं. नाल्याकडचे दोन चौकोन आधी बिघडले असणार, मग मधले. तिने खुरपं खाली ठेवलं नाही.

"मला न्हाय जमत आता, भाऊजी."

तो तणतणत उतरला. चार दिवसांत गावभर झालं की नूतन आकसाची बाई आहे, जमीन मरताना बघत बसते. रस्त्यात गुणाजीकाकांनी मान फिरवली.

संध्याकाळी ती खालच्या बांधावर गेली. कोणी नाही असं बघून एक रोप उपटलं. मुळं उघडीबोडकी होती, एकही गाठ नव्हती. बरं वाटेल असं तिला वाटलं होतं, पण तसं झालं नाही. याच मातीतून तिने गोगलगायी वेचल्या होत्या, ढेकळं हाताने फोडली होती.

रोप तिथेच टाकून ती चढ चढू लागली. वर तिच्या अठरा चौकोनांपैकी तीनच पिवळे झाले होते, बाकीचे लाल होते. हल्ली गुडघ्यांमुळे दिवसाला एकच पाटी वर जायची.