मास्तरांची कानडी

यशवंत चिरमुले मास्तरांना खोट्याचा मनस्वी तिटकारा होता. म्हणजे दुसऱ्यांच्या खोट्याचा. दर शुक्रवारी दुपारी, दाजीबानपेठेमागच्या मुलींच्या मराठी शाळेत ते तेरा-चौदा वर्षांच्या पोरींना सदाचार शिकवत, आणि शिकवताना स्वतःच भारावून जात. पोरींना तो तास फार आवडे, कारण त्यात गणित नसे.

आता मास्तरांचं स्वतःचं. नोकरीसाठी ते साताऱ्याहून हुबळीला आले तेव्हा कमिटीनं विचारलं होतं, "कानडी येतंय काय वो मास्तर?" निम्म्या पोरींच्या घरी कानडीच चाले, तेव्हा विचारणं रास्तच होतं. मास्तर छाती काढून म्हणाले, "घडाघडा बोलतो!" प्रत्यक्षात त्यांना 'हौदु' आणि 'इल्ला', म्हणजे हो आणि नाही, एवढीच कानडी येत होती. भाजीवालीनं काहीही विचारलं की ते भिडेपोटी 'हौदु' म्हणत आणि पिशवीभर दुधी भोपळे घेऊन घरी जात. शेवटी वर्गातल्या सुमनला त्यांची दया आली. बाजारात ती मास्तरांच्या मागं उभी राहून त्यांच्या वतीनं भांडू लागली. थोडक्यात, पोरींना सगळं ठाऊक होतं.

अशात कमिटीचे चेअरमन चन्नबसप्पा तास बघायला येणार असं कळलं. तास पसंत पडला तर नोकरी कायम. आणि नोकरी कायम झाल्याशिवाय मास्तरांचे सासरे राधेला साताऱ्याहून पाठवायला तयार नव्हते. केशवापुरात खोली घेऊन, चूल मांडून मास्तर बायकोची वाट बघत होते. झुरत होते म्हटलं तरी चालेल.

चन्नबसप्पा भरपेट जेवून आले आणि खुर्चीत मावले नाहीत. मास्तरांनी मालतीला उभं केलं. तिनं घोकलेलं म्हणून दाखवलं, "मी कधीही असत्य बोलत नाही."

चन्नबसप्पांना हसू आवरेना. पोट धरून ते म्हणाले, "निज हेळव्वा! निज, निज!"

कानडीत निज म्हणजे खरं. खरं सांग गं बाई, असं ते म्हणत होते. मास्तरांना मात्र त्यातलं 'निज' तेवढं कळलं, आणि आपल्याला एक तरी शब्द कळला या आनंदात ते वर्गावर गरजले, "ऐकलंत ना? निजा सगळ्या!"

पोरींनी एकमेकींकडं पाहिलं. आज्ञापालनाचा धडा मागच्याच शुक्रवारी झाला होता. सगळ्यांनी पटापट बाकांवर डोकी टेकली. सुमन तर घोरायलाच लागली.

"हे काय चाललंय वो मास्तर?" चन्नबसप्पा मराठीवर आले.

"आपणच म्हणालात..." मास्तर बोलून गेले आणि चेअरमनांचा चेहरा बघून त्यांनी जीभ चावली.

"तुम्हाला कानडी घडाघडा येतंय म्हणाला होता की."

"येते ना!"

चन्नबसप्पा वर्गाकडं वळले. "व्हय गं पोरींनो, मास्तरला कानडी येतंय काय?"

"येतंय की!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. असा मजेचा मास्तर गेला तर त्याच्या जागी छडीवाला येणार, हे कोणालाही कळत होतं. शिवाय राधाकाकूंना बघायची सगळ्यांना भारी उत्सुकता होती. सुमन उठून म्हणाली, "बाजारात तर आमच्यापेक्षा फाडफाड बोलतात, अप्पा. मी माझ्या कानांनी ऐकलंय."

चेअरमन मिशीत हसले. "मग झालं तर. सदाचार शिकलेल्या पोरी खोटं कशाला बोलतील? मास्तर, तुम्ही कायम."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात सुमननं त्यांना डोळा मारला. चोरानं आपल्या जोडीदाराला मारावा तसा, अगदी बरोबरीच्या नात्यानं. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. राधा डोळ्यांपुढं आली, भरलेली ट्रंक घेऊन दारात उभी. तरीही त्यांच्या तोंडून निघालंच, "पोरी खोटं बोलताहेत. मला कानडी येत नाही. मीच कमिटीशी खोटं बोललो."

"अय्यय्यो!" चन्नबसप्पा वैतागले. "गप बसायला काय झालंतं वो? आता मला हे कमिटीत सांगावं लागंल!" ते तणतणत निघून गेले. जाताना नोकरीचं काय ते बोलले नाहीत.

सुमन लालबुंद झाली होती. "मास्तर, आम्ही तुमच्यासाठी बोललो. तुम्ही आम्हांलाच खोटं पाडलंत."

"खोटं होतं ते, सुमन."

"बरं. मग आम्ही खरं सांगितलं असतं, मास्तरला कानडीतलं ओ का ठो कळत नाही म्हणून, तर तुम्ही आम्हांला शाबासकी दिली असती?"

मास्तरांच्या ओठांवर शिकवायचं उत्तर आलंच होतं. ते त्यांनी गिळलं.

"नाही गं," ते म्हणाले. "जन्मभर तुझा रागराग केला असता."

सुमन खाली बसली. सदाचाराच्या तासातलं तिला पटलेलं हे पहिलंच वाक्य होतं.