बाजरीची मूठ

अर्पणाची लाल मखमली थैली पुढे आली, तशी भागूबाईंनी मांडीवरच्या कापडी पिशवीची नाडी सोडली आणि सरळ त्या थैलीत बाजरी ओतायला सुरुवात केली.

थैली लांब दांड्याची, तोंडाला अरुंद. दोन मुठी कशाबशा आत गेल्या, बाकीची बाजरी खाली सांडली. चर्चची फरशी घोटून गुळगुळीत केलेली. दाणे थांबतात कशाला, चार बाकांपुढे जाऊन पोचले. पेटीवाल्याचा सूर अडखळला. थैली धरणारे गृहस्थ दांडा तसाच धरून उभे राहिले.

"आई, अहो काय करताय?" सून रुपाली कुजबुजली.

"आठवड्याची मूठ हाय," भागूबाई म्हणाल्या. हळू बोलायची सवय त्यांना नव्हतीच. सगळ्या चर्चने ते ऐकलं.

शेवगावच्या पुढे त्यांचं गाव. तिथे चर्चला देऊळच म्हणत, आणि त्या देवळात थैली नव्हती, बांबूची पाटी होती. रोज चूल पेटवायच्या आधी बाईने मूठभर धान्य देवाच्या मडक्यात टाकायचं आणि रविवारी ते मडकं पाटीत रितं करायचं. पाटीतलं धान्य मग ज्याची चूल थंड असेल त्याच्या घरी जायचं. चाळीस वर्षं त्या पाटीची राखण भागूबाईंकडे होती. पाळक बदलले, पाटी बदलली, राखणदारीण बदलली नाही. शहरातल्या देवळात त्या पहिल्यांदाच आल्या होत्या; देऊळ मोठं, म्हणजे पाटीही मोठी असणार, असा त्यांचा साधा हिशेब होता.

पहिल्या बाकावरच्या एका बाईंनी मान वळवली आणि चष्म्याच्या वरून पाहिलं. त्या सलोमीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. अर्धं चर्च त्यांच्या हातची छडी खाऊन मोठं झालेलं. त्या नजरेने भागूबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

उपासना संपताच चहाला न थांबता त्या रिक्षात जाऊन बसल्या. केडगावला घरी पोचल्या. घरात पाऊल टाकलं आणि म्हणाल्या, "मी गावाला जाते."

"तिथं कोण आहे आता तुमचं?" रुपाली म्हणाली.

प्रश्न खोटा नव्हता. देवळाच्या मंडळीतली पाच घरं उरलेली, त्यातली तीन दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी. पंधरा दिवसांपूर्वी भागूबाई न्हाणीत पाय घसरून पडल्या, ते दुपार होईस्तोवर कोणाला कळलं नाही. त्यानंतरच वाल्मिकने घराला कुलूप घातलं आणि आईला इकडे आणलं. परत जायचं म्हणजे त्या न्हाणीत, त्या एकटेपणात परत जायचं. भागूबाईंना ते ठाऊक होतं. पण जिथे आपण वेडे ठरतो तिथे सुखाने जेवण्यापेक्षा तेही परवडलं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

"एक रविवार अजून या माझ्याबरोबर," रुपाली म्हणाली. "मग मी स्वतः तुम्हाला शेवगावच्या एसटीत बसवून देते. ह्यांनाही समजावते."

"एकच," भागूबाई म्हणाल्या, आणि गाठोडं बांधून दाराशी ठेवलं.

त्या आठवड्यात स्वयंपाकाला उभं राहिलं की त्यांचा हात बाजरीच्या डब्याकडे जाई आणि झाकणावरूनच मागे येई. लग्न होऊन आल्यापासून मूठ न काढल्याचा तो पहिला आठवडा.

रविवारी त्या शेवटच्या बाकाचं टोक धरून बसल्या. उठून जायला सोपं. पण उपासना सुरू व्हायच्या आत पहिल्या बाकावरून सलोमीबाई उठल्या आणि सरळ त्यांच्याकडे चालत आल्या. भागूबाईंनी सुनेचं मनगट पकडलं.

"सलाम. नाव काय आपलं?"

"सलाम. भागूबाई साळवे."

"चला माझ्याबरोबर."

नाव पुकारलेल्या पोरीसारख्या भागूबाई मुकाट्याने मागून गेल्या. पुढे टेबलापाशी एक नवी कोरी पाटी ठेवलेली होती, रिकामी. बाजूला माणसं रांगेत उभी. कोणाच्या हातात डबा, कोणाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, एका म्हाताऱ्याने तर औषधाच्या खोक्यात काहीतरी आणलेलं.

"तुमच्यासाठी थांबलोय," सलोमीबाई म्हणाल्या. "माझी आई राहुरीला मूठ काढायची. आम्ही फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि मडकं तिथंच राहिलं. गेल्या रविवारी सगळे गेल्यावर मी खाली बसून बाजरी वेचत होते, तेव्हा आठवलं. मग घरोघर फोन केले. निम्म्या जणांना आपापल्या आया आठवल्या. धान्य आपल्या चर्चच्या बोर्डिंगमधल्या मुलांना जाईल. पहिली मूठ तुमची."

भागूबाईंचे हात रिकामे होते. गेल्या रविवारी जास्त आणलं म्हणून लाज वाटली होती, आज काहीच नाही म्हणून त्याहून जास्त वाटली.

"म्या न्हाई आनली," त्या म्हणाल्या. "ह्या आठवड्यात काढलीच न्हाई."

सलोमीबाईंनी पर्समधून स्टीलची डबी काढली आणि त्यांच्यापुढे उघडून धरली.

"ही तुमचीच आहे. निवडून, पाखडून ठेवलीय. एखादा खडा राहिला असेल तर माफ करा, नजर पूर्वीची राहिली नाही."

भागूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग डबीत हात घातला, मूठ भरली आणि पाटीवर नेऊन सोडली. रिकाम्या पाटीत बाजरी पडल्याचा आवाज झाला. तो आवाज त्यांच्या चाळीस वर्षांच्या ओळखीचा होता, आणि तो ऐकल्यावर त्यांना इतका आनंद झाला की आपण कुठे उभे आहोत हेच त्या विसरल्या. पाय आपसूक पाटीच्या उजव्या अंगाला सरकले, गावात त्या उभ्या राहायच्या तिथे.

रांग पुढे सरकली. औषधाचं खोकं आणलेल्या म्हाताऱ्याने ते पाटीवर कलतं केलं.

"थांबा," भागूबाई म्हणाल्या. "बाजरीत गहू वतताय व्हय? दळायचं कसं मग ते?"

म्हातारा खोकं हातात धरून तसाच थांबला. सगळी रांग थांबली. गावात जो तो बाजरीच आणायचा, एक पाटी पुरायची. इथे ज्याच्या त्याच्या हातात वेगळं धान्य.

"दुसरी पाटी आना कुनीतरी."

पस्तीस वर्षं दुसऱ्यांना कामाला लावलेल्या सलोमीबाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग चष्मा सारखा केला, "आणते" म्हणाल्या आणि आतल्या खोलीकडे निघाल्या.

"आन् तांदळाला तिसरी," भागूबाईंनी मागून सांगितलं.